गाऱ्हाण्यातलं पुढचं नाव

एका जागेवर बसून लिहिणं माझ्याच्यानं होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. दोन ओळी झाल्या की उठतो, खळ्यात, दारापुढच्या अंगणात, जातो, माडाभोवती फेरी मारतो, परत येतो. सायली, म्हणजे माझी बायको, मघाशी म्हणाली, "तुमी लिवतास काय गस्त घालतास?" दोन्ही करतोय, बाई. सुरुवातीच्या गोळ्यांनी पायांत वारूळ फुटल्यासारखं व्हायचं. गोळी बदलल्यावर ते पुष्कळ कमी झालं, पण फिरायची सवय राहिली ती राहिलीच.

माझ्या आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया. ज्यांच्या घरात तो शिरलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. औषधांची नावं सांगणार नाही, ते डॉक्टरांचं काम. आवाज ऐकू येतात हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक असतं. पण हा आजार आठवणींची काय वाट लावतो ते मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून मी तेवढ्याबद्दलच बोलणार आहे.

आमच्या घराकडचं काम

आमची वाडी मालवणहून तारकर्लीकडे जाताना लागते. मी होड्यांच्या मशीनी दुरुस्त करतो. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेलेली होडी मध्येच बंद पडली की पहिला फोन मला. पण वाडीत आमच्या घराची ओळख वेगळीच. पावसाळा संपला की किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, रापण, पहिल्यांदा दर्यात जातं. त्याआधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं ते आमच्या घरानं. आधी आजोबांनी, मग बाबांनी. बाबांना अर्धांगाचा झटका येऊन वाचा गेली तेव्हा ते माझ्याकडे आलं.

गाऱ्हाणं म्हणजे एकानं देवाशी मोठ्यानं बोलायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून जोर द्यायचा. मंत्रबिंत्र काही नाही, आपल्याच बोलीत सरळ मागणं. पण सुरुवातीला गावातल्या सगळ्या देवांची आणि राखणदारांची नावं ठरलेल्या क्रमानं घ्यावी लागतात. ग्रामदेवता, स्थळकर, बाराचा पूर्वस, वेशीवरचा देवचार, पुढे आणखी बरेच. एखादा राहिला आणि मग जाळं खडकाला अडकून फाटलं, तर वर्षभर टोमणे. कागद चालत नाही. बाबा म्हणायचे, "कागद बघून कोण आपल्या बापाशीकडे बोलता रे?"

मला ते लहानपणीच पाठ झालं होतं. न्हाणीत आंघोळ करताना मी गाऱ्हाणं घालायचो आणि आई चुलीपुढून "व्हय म्हाराजा" म्हणायची. वर "पाणी संपव नको मेल्या" हेही असायचंच.

अवसर

कानात कुणीतरी माझ्या कामावर बोलायला लागलं. "प्लग चुकीचो लावलंस." "सगळे तुकाच बघतत." आधी वाटलं, बाजूच्या होडीतून कुणी तरी मस्करी करतंय. मग मी उत्तरं द्यायला लागलो, मोठमोठ्यानं, भर रस्त्यात.

दुसरीकडे कुठे तरुण माणूस हवेशी भांडायला लागला तर घरचे घाबरतील. आमच्याकडे उलटंच झालं. गाऱ्हाण्याच्या घरातला मुलगा, न दिसणाऱ्याशी बोलतोय, डोळे तारवटलेले, म्हणजे झालं, अवसर इलो! अंगात देव संचारला की आम्ही त्याला अवसर म्हणतो. लोक खळ्यात हात जोडून बसायला लागले. एका बाईची पाटली हरवली होती. तिनं विचारलं, "म्हाराजा, खंय गेली?" कानातल्यानं सांगितलं ते मी पुढे दिलं, "विहिरीत." लोकांनी पंप लावून वाडीची विहीर उपसली. पाटली शेवटी त्या बाईच्या माहेरी गादीखाली सापडली. तरी लोकांचा विश्वास ढळला नाही. "माहेरच्या घराकडे पण विहीर आसा मा!" म्हणाले.

हसा खुशाल, आता मीही हसतो. पण त्या भानगडीत औषध सुरू व्हायला कित्येक महिने उशीर झाला. मला आजही त्या लोकांचा राग येतो. देवाचा नाही, हात जोडणाऱ्यांचा. मी झोपत नव्हतो, जेवत नव्हतो, भीतीनं माझी गाळण उडालेली असायची आणि ही मंडळी मला नारळ देत होती.

सायली जामसंड्याची, बाहेरून आलेली. ती एके दिवशी खळ्यात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यो देव नाय, माझो घोव आसा. रात-रात निजणा नाय तो. उठा, घराकडे जावा सगळे." आईला ते अजिबात आवडलं नाही. देवाला घालवलंस, आता घराचं काय होईल ते बघ, असं ती म्हणाली. सासू-सुनेत त्या दिवशी जे वाजलं ते पुढे बरेच दिवस वाजत होतं, आणि मग दोघींचा अबोलाच झाला.

नाव कळलं तो दिवस

गाडी करून मला गोव्यातल्या एका मोठ्या इस्पितळात नेलं ते आबाकाकांनी. आबाकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, आमच्या रापणीचे म्होरके. गाडीत मी त्यांच्या मनगटाला कडकडून चावलो. व्रण अजून आहे. कुणी विचारलं तर ते सांगतात, "मोरी चावली. जाळ्यातसून काढताना." मोरी म्हणजे आमच्याकडचा लहान शार्क. बिचाऱ्या मोरीवर आळ.

मला मात्र चावल्याचं आठवत नाही. डॉक्टर काय म्हणाल्या तेही सायलीकडून कळलं. "याला स्किझोफ्रेनिया म्हणतात," त्या म्हणाल्या. आईनं विचारलं, "पण ह्या केल्यान कोणी?"

"कुणीही केलेलं नाही, आई. मधुमेह होतो तसा हाही आजार होतो."

"बरो होतलो मा?" आई.

"औषध घेतलं तर काम करतील, संसार करतील. फक्त आपल्या मनानं औषध थांबवायचं नाही."

आई त्यावर रडली आणि सायलीला आधी हायसं वाटलं, मग हायसं वाटल्याची लाज वाटली, असं ती सांगते. माझ्या डोक्यात त्या सबंध दिवसाचं एवढंच आहे की टेबलावरचा पंखा मान हलवत होता आणि तो मला सारखा नाही, नाही म्हणत होता.

वॉर्डात

सकाळी चहा, मग गोळ्या, मग "आ करा" म्हणून जीभ वर करून तपासणी. मग चालणं. वॉर्डातले आम्ही सगळे त्या लांबलचक व्हरांड्यात इकडून तिकडे येरझाऱ्या घालायचो. कुणी कुणाला धडकत नसे, हे त्यातल्या त्यात बरं.

तिथं एक नर्स होती. मी जेवणाचं ताट परत ढकललं की ती हळूच विचारायची, "पेज जाय?" म्हणजे पेज हवी का. गोव्याची कोंकणी, पण आमच्या मालवणीची सख्खी मावसबहीण. त्या दोन शब्दांनी मला घरी आल्यासारखं वाटायचं. गरम पेज आणि आंब्याचं लोणचं ती कुठून आणायची देव जाणे. मी तिचं नाव विसरलो याचं मला फार वाईट वाटतं.

हळूहळू आवाज दूर गेले आणि मग बंद झाले. वाटलं होतं, त्या दिवशी मी नाचेन. उलट मला रडू आलं. इतके महिने कुणीतरी सतत बोलत होतं, शिव्या का होईना देत होतं, आणि आता डोक्यात सामसूम. हे कुणाला सांगायची सोय नसते, घरचे म्हणतील याला आजारच हवाय. म्हणून इथं सांगतो. तसं वाटलं तर घाबरू नका, काही दिवसांनी जातं.

गेलं ते आणि राहिलं ते

घरी आल्यावर खरी पंचाईत कळली. चहा गॅसवर ठेवून विसरायचो ते एक सोडा. मशीन उघडायचो, कार्बोरेटर काढून फडक्यावर ठेवायचो आणि पुढचा पार्ट कुठला ते डोक्यातून पुसलेलं. आयुष्यभर डोळे मिटून जोडलेली मशीन! सायलीनं सुचवलं की उघडताना मोबाईलवर फोटो काढत जा. त्यानं भागलं. गिऱ्हाईकाला वाटतं मी फार आधुनिक झालोय.

पण फोटो न काढलेल्या गोष्टींचं काय? मी आजारात असताना बाबा गेले. मीच त्यांना अग्नी दिला म्हणतात. माझं डोकं भादरलं होतं, मी न रडता उभा होतो, सगळं रीतसर केलं. मला यातलं काही, काही म्हणजे काहीच आठवत नाही. एकदा मी आईला विचारलं, "बाबांका निळी चादर घातलेली काय गो?" तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. त्यानंतर मी विचारणं सोडलं.

आणि जे झालंच नाही ते लख्ख आहे. मी विहिरीच्या कठड्याशी उभा आहे. आबाकाका खळ्यात, अंगात खांद्यावर भोक पडलेली बनियन, आणि ते आईला सांगतायत, "वयनी, ह्येका मी खाडयेत सोडून येतंय. ह्येचो आता काय उपयोग नाय." आई म्हणते असं कधी घडलं नाही. सायली म्हणते त्या दिवसांत काका वाडीत नव्हतेच, आरोंद्याला लेकीकडे होते. डॉक्टर म्हणतात, भास जातो, पण भासाची आठवण इतर आठवणींसारखीच राहू शकते. मला सगळं पटतं. पण काका दारात आले की माझे पाय आपोआप मागे सरतात. ज्या माणसानं मला गाडीत घालून वाचवलं त्याच्यासमोर मी दोन वर्षं नीट उभा राहू शकलो नाही. त्यांना वाटायचं, चावल्याची लाज वाटते पोराला. मी कधी खरं सांगितलं नाही.

काकांचा निरोप

दोन हंगाम शेजारच्या वाडीतले एक म्हातारे येऊन गाऱ्हाणं घालून गेले. यंदा ते मुलाकडे मुंबईला निघून गेले. श्रावणात काका आले, पडवीच्या पायरीवर बसले. मी आतल्या दाराशी.

"अवंदा तू उभो ऱ्हव," काका म्हणाले.

"माका येणा नाय आता, काका. इसारलंय."

"अर्धा माका येता. अर्धा तू आठव."

सायली आतून आली. "आणि चुकले तर? पुन्हा वाडी म्हणतली, डोक्यावर परिणाम झालो म्हणान."

"वाडी कायव म्हणता," काका म्हणाले. "पण ह्येचो बापूस म्हणायचो ता दुसऱ्याच्या तोंडात बरा वाटणा नाय."

मला खरी भीती वेगळीच होती. न दिसणाऱ्याशी मोठ्यानं बोलणं, यातूनच तर मी एवढा मार खाल्ला होता. पुन्हा त्या दारात कशाला उभं राहायचं? आणि नाही म्हटलं तर मी कायमचा वेडाच ठरणार होतो, निदान माझ्या स्वतःच्या लेखी. मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "देवाशी बोलायला काहीच हरकत नाही. तिकडून उत्तर आलं तर मात्र मला फोन करा."

सराव

बसून पाठ करायला गेलो की चौथ्या नावापाशी गाडं अडायचं. काकांना मधलेमधले तुकडे यायचे, तेही मागेपुढे. एकदा वैतागून मी घराबाहेर पडलो आणि चालता चालता पुटपुटत राहिलो. देवळापाशी आलो, ग्रामदेवतेचं नाव घेतलं. पुढे पिंपळाखाली स्थळकर. पुढे पाणंदीच्या तोंडाशी पूर्वस. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, अरे, हा क्रम म्हणजे वाट आहे! आजोबांच्या आजोबांनी गावातून चालत जात एकेकाला हाक मारली असणार. इतकी वर्षं घोकलं आणि हे ध्यानात आलं नव्हतं.

मग मी रोज चालायला लागलो. नाहीतरी पाय स्वस्थ बसत नव्हतेच. आई पहिल्या दिवशी माझ्या तोंडाकडे बघून घाबरली, पुन्हा एकटाच बोलतोय म्हणून. दुसऱ्या दिवशी ती मागून चालायला लागली, आणि मधूनच, अगदी हळू, "व्हय म्हाराजा" म्हणायची. सायलीशी तिचा अबोला त्याच सुमारास सुटला. दोघी मिळून माझ्या चुका काढायच्या. काही दिवस सगळी नावं यायची, काही दिवस निम्मीच.

वाळूवर

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. दर्या अजून गढूळ होता पण शांत होता. होडीत जाळं भरून ठेवलेलं, रापणकार अर्धगोलात उभे, बायका मागे टोपल्या घेऊन. वाळूत केळीच्या पानावर नारळ, विडा. काका माझ्या उजवीकडे. मी वाळूत पाय रुतवून उभा राहिलो, नाहीतर पळालो असतो.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या वाडयेची लेकरां तुझ्या दर्याच्या काठार उभी ऱ्हवली आसत."

"व्हय म्हाराजा!"

देऊळ आलं, पिंपळ आला, पाणंद आली. वेशीवरचा देवचार आला. आणि वाट संपली. पुढे काय आहे ते दिसेना. सगळे थांबले. कुणीतरी खाकरलं. "सांग रे बाबू," मागून कुणी म्हणालं. आता कानात कुणी पुढचं नाव सुचवेल की काय, या भीतीनं मी गारठलो. कान देऊन ऐकलं. कुणी नव्हतं. नुसता लाटांचा आवाज.

"म्हाराजा," मी म्हणालो, "माका पुढचा नाव आठवणा नाय."

"व्हय म्हाराजा!" सगळे सवयीनं ओरडले. मग एक-दोघं हसले.

आता थांबलो असतो तर मेलो असतो. "माका आजार आसा म्हाराजा. स्किझोफ्रेनिया म्हणतत. औषधां चालू आसत. लोकांनी त्येका अवसर म्हटल्यानी. तो अवसर नव्हतो."

"व्हय म्हाराजा." या खेपेला आवाज निम्मेच होते. पाटलीवाली बाई समोरच होती, तिनं खाली बघितलं.

"माझ्या बापाशीक मीच आग दिलंय आणि ता माका आठवणा नाय."

"व्हय म्हाराजा." हा आईचा.

"आणि जा झालाच नाय ता आठवता. आबाकाकान माका खाडयेत सोडतंय म्हणान सांगल्यान, असा माका दिसता. ता खोटा आसा. ता खोटा आसा ह्या माका कळता म्हाराजा, पण ता जाणा नाय. ह्येंका बघलंय काय माझे पाय मागे जातत. ह्येंनीच माका वाचवल्यानी आणि मी ह्येंकाच भियतंय. ता माझ्या डोक्यातसून काढ. काढूक नाय जमला तर त्येच्यासकट ह्येंच्या बाजूक उभो ऱ्हवान रापण ओढूची ताकद दी."

मी काकांकडे बघितलं नाही, बघवेना. दोन वर्षं पोटात ठेवलेलं भर वाडीसमोर बाहेर पडलं होतं आणि आता ते परत आत घालता येणार नव्हतं. लाट येऊन पानाची कड भिजवून गेली.

मग माझ्या उजवीकडून आवाज आला, एकट्याचा, चिरकलेला, पण दर्यापर्यंत जाईल असा. "व्हय म्हाराजा!"

त्यामागून सगळे.

पुढे मी काय बोललो, राहिलेली नावं घेतली की नाही, मला आठवत नाही. सायली म्हणते, सगळी घेतली, एकही सुटलं नाही. आई म्हणते, खाडीवरचा एक राहिला. दोघींचं त्यावरून अजून चालू असतं. मी विचारलं तर काका म्हणतात, "माका काय म्हायत, मी रडत होतंय."

विहिरीच्या कठड्याजवळचं ते दृश्य गेलेलं नाही. बनियनच्या भोकासकट आहे तिथंच आहे. पण काकांचं ते "व्हय म्हाराजा" मला शब्दन् शब्द आठवतं, आणि ते मी एकट्यानं ऐकलेलं नाही.